मानेकडे बघणारे मामा

गेली सव्वीस वर्षं माझे केस मामा कापतात. पुरुषांच्या सलूनमध्ये जाऊन बसणारी आमच्या भागातली मी एकटीच बाई. बायकांच्या पार्लरमध्ये मी दोनदा गेले. दोन्ही वेळा दीड तास मोडला आणि वर माझ्या कातडीबद्दल व्याख्यान ऐकावं लागलं. मामांकडे अकरा मिनिटं लागतात आणि कातडीचा विषय निघत नाही. ते माझ्याहून नऊ वर्षांनी लहान आहेत, पण सगळा रस्ता त्यांना मामा म्हणतो, म्हणून मीही म्हणते. ते मला बाई म्हणतात, कारण मी शाळेत गणित शिकवत होते आणि त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती.

दुकान लहान आहे. समोर लांब आरसा, त्याखाली फळी, फळीवर कात्र्या, कंगवे, पाण्याची फवाऱ्याची बाटली, पावडरचा डबा. खुर्च्या दोन. त्यातली डावी खुर्ची कधीचीच वर अडकली आहे, खाली येत नाही. मामांनी ती दुरुस्त केली नाही, लहान मुलांसाठी ठेवली. तिच्या दोन्ही हातांवर एक फळी आडवी टाकली की त्यावर मूल बसतं. फळीच्या दोन्ही टोकांचं रेक्झिन मुलांनी नखांनी उचकटून टाकलंय.

ज्या मुलांनी बाकीच्या दुकानांत रडून थैमान घातलेलं असतं, ती मुलं शेवटी मामांकडे आणतात. बाकीच्या दुकानांत मोटारीच्या आकाराची खुर्ची असते, टीव्ही असतो, गोळ्या असतात. मामांकडे यातलं काही नाही. आई रडणाऱ्या पोराला ओढत आणते, "बघ, मामा किती छान आहेत, मामा काही करणार नाहीत," असं सांगते, आणि पोराला तेव्हाच कळतं की मामा काहीतरी करणार आहेत. मामा म्हणतात, "ताई, तुम्ही बाहेर बाकावर बसा. पेपर वाचा." मग ते पोराकडे पाठ करून उभे राहतात आणि केस कापायचं मशीन उघडतात. आतला स्क्रू काढतात, पातं काढतात, फुंकर मारतात, कानाशी धरतात. दोन मिनिटांत मागचं रडणं थांबतं. चार मिनिटांत पाऊल वाजतं.

"काय करताय?"

"थांब जरा. काम चालू आहे," मामा मागे न बघता म्हणतात.

हे मी बाकावर बसून कित्येकदा पाहिलं. न राहवून एकदा विचारलं, की ही काय भानगड आहे?

"बाई, पोराकडे बघितलं की त्याला वाटतं, आता आपलं काहीतरी होणार. नाही बघितलं की वाटतं, इथे काहीतरी चाललंय. मग ते आपल्या पायांनी येतं."

"आणि फळीवर बसल्यावर? तिथे तर हलतातच की."

"हलायच्या आधी मान ताठ होते. इथे, कानामागे. ती दिसली की कात्री उचलायची. मूल हलून घेतं, मग परत सुरू."

मला हे खरं वाटलं नाही. पुढे मी बसमध्ये, दवाखान्यात, जिथे म्हणून लहान मूल दिसेल तिथे त्याच्या कानामागे बघू लागले. एकदोन आयांना ते आवडलं नाही. पण मामांचं म्हणणं बरोबर होतं. आधी मान, मग मूल.

मामांची बायको नऊ वर्षांपूर्वी गेली. एकच मुलगी, ती नर्स झाली. जावई म्हणून जो होता तो मूल पोटात असतानाच निघून गेला. त्याच्यावर मी हे एक वाक्य खर्च केलं, पुरे झालं. मुलीला परदेशातल्या इस्पितळात नोकरी मिळाली तेव्हा नात सव्वा वर्षाची होती. मूल लगेच नेता येणार नव्हतं, कागदपत्रं व्हायची होती. मुलगी नको म्हणत होती. मामा म्हणाले, "जा तू. मी सांभाळतो." आणि सांभाळलं, दहा महिने, दुकानात.

नातीला सगळे मुंगी म्हणतात. ती अडकलेल्या खुर्चीखाली बसायची, रिकाम्या पावडरच्या डब्याला झाकण लावायची, काढायची. दुपारी एकला दुकान रिकामं असतं, तेव्हा मुलीचा फोन यायचा. मामा फोन आरशाला टेकवून ठेवायचे आणि पडद्यावर आई दिसायची. मुंगी फोनला बिस्किट द्यायची, फोनचा पापा घ्यायची. बोलणं संपलं की फोनवर नॅपकिन घालून, ओठांवर बोट ठेवून म्हणायची, "आई झोपली." आम्ही सगळे हसायचो. तेव्हा हसायचीच गोष्ट वाटली.

कागदपत्रं झाली. मुलीला इकडे येण्याइतकी रजा मिळेना, म्हणून नातीला घेऊन मामांनीच जायचं ठरलं. दहा दिवस राहून ते परतणार होते. मी दर दोन वर्षांनी त्याच शहरात मुलाकडे जाते, हे त्यांना ठाऊक होतं. एकदा माझ्या मानेवरचे केस झटकता झटकता म्हणाले, "बाई, यंदा आमच्याबरोबर चला ना. मी कधी विमानात बसलो नाही."

"चौदा तासांचं आहे मामा. दोन वर्षांचं मूल. मला त्यात घेऊ नका."

"चौदा तासांचं मी बघतो. मला भीती पुढची आहे." ब्रश त्यांच्या हातातच राहिला. "पोरगी रोज विचारते, बाबा, ती माझ्याकडे येईल ना? मी म्हणतो, न यायला काय झालं. पण ती रडून, थकून, चिडून उतरली, तर कुणाकडेच जाणार नाही. तिच्या आईकडे चारच दिवस आहेत, मग ड्यूटी. हसत उतरली पाहिजे बाई. हसत उतरली की जाईल."

मी तिकीट काढलं. माणूस इतकी वर्षं आपल्या मानेजवळ वस्तरा धरतो आणि एकदाही कापत नाही, त्याला नाही कसं म्हणणार?

विमानतळावर पहिला खोळंबा त्यांनीच केला. तपासणीच्या दारातून गेले की ते ओरडायचं. पट्टा काढला, घड्याळ काढलं, तरी ओरडतंच. शेवटी तिथल्या माणसाने शर्टाच्या वरच्या खिशात हात घातला आणि बारीक कात्री बाहेर काढली.

"हे काय?"

"कात्री," मामा म्हणाले.

"ती दिसतेय. खिशात का?"

"तिथेच असते." चाळीस वर्षं रोज सकाळी शर्टाबरोबर चढवलेली कात्री, ती आहे हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. ती टोपलीत गेली. मामा वळून वळून टोपलीकडे बघत राहिले. "जर्मन पातं होतं," एवढंच म्हणाले. कंगवा मात्र राहिला.

विमानात मुंगी खिडकीशी, मध्ये मामा, आणि गुडघ्यांमुळे मी कडेला. मुलीने कुठेकुठे वाचून यादी पाठवली होती आणि मामांनी ती शब्दशः पाळली होती. कागदात गुंडाळलेली बारा खेळणी, दर तासाला एक उघडायची. चित्रांची पुस्तकं. कार्टून भरलेली टॅबलेट. सुका खाऊ, लहान लहान डब्यांत. मी घड्याळ बघून सांगते, मुंगीने बारा खेळणी अडतीस मिनिटांत उघडली. कागद फाडण्यात तिला रस होता, खेळण्यात नव्हता. हेडफोन तिने कानाला लावू दिले नाहीत, आवाजाशिवाय कार्टून बघितलं नाही. खाऊ खिडकीच्या फटीत भरला. मग मामांच्या खिशाला हात लावून म्हणाली, "आई?"

फोन बंद होता. "आई झोपलीय," मामा म्हणाले.

"आई उठ."

"उठेल. जरा वेळाने."

मुंगीने भोकाड पसरलं. आणि मग जे होतं ते झालं, सगळे धावले. मागच्या बाईने किल्ल्या वाजवल्या. पुढच्या तरुणाने सीटवरून डोकं काढून माकडासारखं तोंड केलं. एअर होस्टेसने रंगीत खडू आणले. पलीकडचा एक टकलू गृहस्थ टाळ्या वाजवून गाऊ लागला, आणि त्याचा आवाज मुंगीपेक्षा वाईट होता. मुंगी जास्तच रडू लागली. मी म्हटलं, "मामा, काहीतरी करा. अजून तेरा तास आहेत."

मामा घामाघूम झाले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग उठून हात जोडून सगळ्यांना म्हणाले, "उपकार करा, पण कुणी हिच्याकडे बघू नका."

बसले ते पाठ तिच्याकडे, तोंड माझ्याकडे करून. कंगवा काढला, कानाशी धरला आणि अंगठ्याच्या नखाने एकेक दात छेडू लागले. टिक. टिक. डोळे मिटून ऐकत होते. मग एक दात वगळून पुढचा. चेहरा असा, की यात काहीतरी बिघाड आहे आणि तो सापडल्याशिवाय विमान पुढे जाणार नाही. खरं सांगायचं तर मीसुद्धा वाकले. मला त्या दातांत फरक आहे का ते ऐकायचं होतं. (आहे. कडेचे जाड दात खालच्या सुरात वाजतात.)

रडणं थांबलं. मामांच्या खांद्यावर एक ओला गाल आला.

"आबा, काय?"

"थांब जरा. काम चालू आहे."

तिला त्यांनी कंगवा लगेच दिला नाही. तिने तीनदा मागितल्यावर दिला, आणि तोही "नीट धर हं" असं बजावून. ती बारा मिनिटं दात वाजवत बसली. मी मोजत होते. तेराव्या मिनिटाला मामांनी कंगवा काढून घेतला.

"अहो, ती रमली होती की!" मी म्हटलं.

"मान बघा. आता कंटाळणार होती. कंटाळल्यावर वस्तू मेली. आत्ता काढली की परत कामाला येते."

पुढचे तास असेच गेले. ते कधी सीटचा पट्टा उघडून त्याच्या आत फुंकर मारायचे, कधी उलटीच्या पिशवीची घडी मोडून ती तंतोतंत परत घालायचे, आणि चुकल्यासारखं करून पहिल्यापासून सुरुवात करायचे. मुंगी प्रत्येक वेळी आपल्या पायांनी यायची. एकदाही त्यांनी "ये, गंमत दाखवतो" म्हटलं नाही.

मधल्या जेवणानंतर माझी पाळी आली. मामांनी काही न बोलता विमानातली शाल झटकली, माझ्या गळ्याभोवती टाकली आणि मागे गाठ मारली.

"मामा, हे काय?"

"बाई, गप्प बसा. गिऱ्हाईक बोलत नाही."

मला आयुष्यभर गप्प बसवू पाहिलेल्या लोकांची संख्या तुम्ही ऐकलीत तर थक्क व्हाल. मी गप्प बसले. मुंगीचे डोळे चमकले. दहा महिने खुर्चीखालून तिने हेच बघितलं होतं, आणि सगळा क्रम तिला पाठ होता. पाण्याच्या पेल्यात बोटं बुडवून तिने माझ्या डोक्यावर पाणी शिंपडलं, जरा जास्तच. कंगवा फिरवला. दोन बोटांची कात्री करून "कच कच" केलं. मानेवर फुंकर मारली. मग टॅबलेटचा काळा पडदा माझ्या डोक्यामागे धरून म्हणाली, "बघ."

"छान," मी म्हटलं.

"आजून," ती म्हणाली, आणि परत पाणी.

एकोणीस मिनिटं. मग मामांनी गिऱ्हाईक बदललं. एअर होस्टेस गुडघ्यावर बसली आणि तिच्या अंबाड्यावर कंगवा फिरला. किल्ल्यावाली बाई आली. शेवटी टकलू गृहस्थाने आपणहून डोकं पुढे केलं. मुंगीने त्यावर कंगवा ठेवला, तो घसरला. परत ठेवला, परत घसरला. तिने वाकून त्याच्या मागे बघितलं, केस तिकडे गेलेत का म्हणून. मग अतिशय गंभीरपणे म्हणाली, "संपले."

सगळी रांग हसली. गृहस्थ सगळ्यात जास्त हसले.

ती आबांच्या छातीवर चार तास झोपली. मामांनी चार तास हात हलवला नाही, पाणीसुद्धा मी पाजलं. उतरायच्या आधी ती उठली ती हसतच. मामांनी तिचे केस विंचरून दोन शेंड्या बांधल्या आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. चौदा तास झाले होते आणि पोर फुलासारखं होतं. मला वाटलं, जिंकलो.

बाहेरच्या कठड्यापाशी मुलगी उभी होती. इस्पितळातूनच आली असावी, कोटाखाली निळा पोशाख दिसत होता. हातात मुंगीएवढंच एक कापडी अस्वल. आम्हाला बघताच कठड्याला वळसा घालून धावत आली, अस्वल टाकलं, दोन्ही हात पसरले. "मुंगे! माझी मुंगी!"

मुंगी मामांच्या पायामागे गेली.

"अगं, मी आई. आई आलीय."

मुंगीने तिच्याकडे निरखून बघितलं. मग मामांच्या खिशाकडे बोट दाखवलं. "आई," ती म्हणाली, ओठांवर बोट ठेवून. "झोपली."

मुलीचे हात पसरलेले होते, ते तसेच राहिले. तिने एक पाऊल पुढे टाकलं आणि मुंगीने असा टाहो फोडला की तसा चौदा तासांत एकदाही फोडला नव्हता. मामांची विजार तिने दोन्ही मुठींत धरली.

मामा माझ्याकडे वळले. "बाई," ते हळूच म्हणाले, "चुकलं माझं. चौदा तास मी तिला माझ्याकडेच वळवत बसलो."

क्षणभर मला वाटलं, आता हा माणूस पोरीला उचलून आईच्या कडेवर देईल. कुणीही तेच केलं असतं, मी तर नक्कीच. त्यांनी मुलीला म्हटलं, "खाली बस."

"बाबा, दहा महिने..."

"माहितेय. खाली बस. तिच्याकडे पाठ कर. बघू नकोस."

"मी तिची आई आहे बाबा!"

"मग आणखी दहा मिनिटं. दुकान आठव."

मुलगी त्याच दुकानात वाढलेली. तिने ओठ दाबले आणि कोटासकट जमिनीवर बसली, पाठ आमच्याकडे करून. लोक तिला वळसा घालून जात होते. मग खिशातून चिकटपट्टीचं रिळ काढलं, सुईच्या जागेवर लावतात ते. अस्वल ओढून मांडीवर घेतलं. पट्टी ओढली. चर्रर्र. तोडली. अस्वलाच्या पंजावर लावली, कडा अंगठ्याने दाबून बसवल्या. हनुवटी थरथरत होती तिची, मला बाजूने दिसत होती. पण हात एकदम स्थिर.

आणि मामा? तेही पाठ करून बसले. सामानाच्या गाडीपाशी उकिडवे, तिचं चाक बोटाने फिरवत.

"मामा, तुम्ही का?"

"मी बघितलं तर ती माझ्याकडे येईल. तुम्ही सांगा. कुठे आहे?"

"तुमच्या पाठीशी. विजार धरून."

चर्रर्र.

"आता?"

"एक हात सुटला."

"कुठला?"

"मामा, कुठला काय विचारता! सुटला."

माझा फोन वाजला. मुलगा बाहेर गाडी लावून थांबला होता. मी फोन कापला.

चर्रर्र. अस्वलाच्या दुसऱ्या पंजावर पट्टी बसली. मुंगी एक पाऊल गेली, थांबली, आबांच्या पाठीकडे बघितलं. पाठ हलली नाही. आणखी दोन पावलं. ती आईच्या खांद्यामागे उभी राहिली आणि वाकून बघू लागली.

"काय?" मुंगी म्हणाली.

"थांब जरा," मुलगी मागे न बघता म्हणाली. तो आवाज हुबेहूब मामांचा होता. "काम चालू आहे."

मामांनी तो ऐकला. चाक फिरवणारं बोट थांबलं, मग परत फिरू लागलं.

मुलीने आणखी एक पट्टी तोडली, पण ती लावली नाही. हातात धरून ठेवली. मुंगी वळसा घालून पुढे गेली. अस्वलाच्या पट्ट्यांवरून हात फिरवला. मग आपलं बोट पुढे केलं, ज्याला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं.

"दुखतंय?" मुलीने बोटाकडे बघत विचारलं.

मुंगीने विचार केला. "हो."

पट्टी लागली. मुंगीने ती उजेडाकडे धरून नीट तपासली. दुसरं बोट पुढे केलं. "आजून." तिसऱ्या बोटाला पट्टी लावताना आईचं डोकं आपसूक खाली झुकलं आणि मुंगीने रिकाम्या हाताने तिच्या केसांत बोटांची कात्री चालवली. कच कच.

"बाई, मान बघा," मामा चाकाकडे तोंड करूनच म्हणाले. "ताठ आहे का?"

"बघा ना तुम्हीच आता."

"नको. तुम्ही सांगा."

मी चष्मा पुसून दोन पावलं पुढे जाऊन नीट बघितलं, कानामागे, जिथे बघायचं तिथे.

"सैल आहे," मी म्हटलं. "पार सैल."

मामांनी मान डोलावली. उठले मात्र नाहीत. "या चाकात कुणाचे तरी केस गुंतलेत," ते म्हणाले. खरंच गुंतले होते. खिशाला हात लावून त्यांनी कात्री शोधली, ती नव्हती. मग नखांनीच एकेक केस सोडवत बसले.